बेरीज जुळली, मुलगा नव्हता: विद्यापीठातल्या उन्हाळी शिबिराचं एक प्रकरण

हे प्रकरण मी समन्वयक असताना घडलं. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वेळा आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे, कारण सगळं त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

विद्यापीठाच्या आवारात सुटीत भरणारं दोन आठवड्यांचं शैक्षणिक शिबिर. सकाळी ९ ते दुपारी ४, मुक्काम नाही. मुलं ५४: नऊ ते अकरा वयाची २४, बारा ते चौदाची १८ आणि पंधरा ते सतराची १२. रोज प्रत्येक गटाची पाच सत्रं, आणि जवळजवळ प्रत्येक सत्र वेगळ्या इमारतीत. कार्यशाळा, ग्रंथालय, भूशास्त्राचं संग्रहालय, संगणक कक्ष, प्रेक्षागृह. 'मुलांना अख्खं विद्यापीठ दाखवायचं' ही कल्पना माझीच होती आणि माहितीपत्रकावर ती फार छान दिसत होती.

देखरेखीला पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे आठ विद्यार्थी स्वयंसेवक होते. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं दिवसाच्या शिबिरांसाठीचं प्रमाण आम्ही समोर ठेवलं होतं: ९ ते १४ वयाच्या दहा मुलांमागे एक मोठा माणूस, १५ ते १८ वयाच्या बारांमागे एक. त्या हिशेबाने आम्हाला सहा माणसं लागत होती आणि आमच्याकडे आठ होती. शिवाय प्रत्येक सत्राला शिकवणारे वेगळे. कागदावर आम्ही सुखात होतो.

एक गोष्ट आम्ही पुरेशी लक्षात घेतली नव्हती. शाळेला फाटक असतं, मधल्या सुटीची घंटा असते, अनोळखी माणूस दिसला तर कुणीतरी हटकतं. विद्यापीठात यातलं काहीच नसतं. रस्ते सगळ्यांसाठी खुले, इमारतींना चार-चार दारं. आणि बारा-तेरा वर्षांचं मूल एकटं चालताना दिसलं, तर ते कुणा प्राध्यापकाचं असेल असं समजून लोक पुढे जातात.

काय घडलं

पाचव्या दिवशी मधल्या गटाचं, म्हणजे १८ मुलांचं, पहिलं सत्र कार्यशाळेत होतं. त्रिमितीय छपाई (थ्री-डी प्रिंटिंग), म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर चढवत वस्तू घडवणं. आदल्या दिवशी मुलांनी संगणकावर भोवरे आखले होते आणि त्यातले सहा त्या दिवशी सहा यंत्रांवर छापायला लावले होते. ४ सेंटिमीटर उंचीचा भोवरा ०.२ मिलिमीटरच्या थरांनी छापायचा म्हणजे २०० थर. यंत्राने वेळ दाखवली १ तास ५० मिनिटं. छपाई १० वाजता सुरू झाली. सत्र संपणार होतं १०:४५ ला.

हा हिशेब तिसरीतल्या मुलालाही जमेल. आम्ही तो केलाच नव्हता. म्हणजे कार्यशाळेच्या सहायकाला तो ठाऊक होता. 'झालं की काढून ठेवीन, उद्या देऊ' असं त्याचं गणित होतं. मुलांना ते कुणी सांगितलं नाही. आणि उद्या कार्यशाळेत मोठ्या गटाची पाळी होती, हे सहायकाला ठाऊक नव्हतं.

१०:५० ला गट प्रेक्षागृहाकडे निघाला. अंतर साधारण साडेतीनशे मीटर. पुढे एक स्वयंसेवक, मागे एक स्वयंसेविका. त्याच वेळी विद्यापीठाचे उन्हाळी वर्ग सुटतात आणि रस्ता भरून जातो. वाटेत एका मुलीच्या नाकातून रक्त यायला लागलं. मागच्या स्वयंसेविकेने पुढच्याला हाक मारून सांगितलं आणि ती मुलीला प्रथमोपचार कक्षात घेऊन गेली. तिने केलं ते बरोबरच होतं. फक्त त्या क्षणापासून रांगेला शेपूट उरलं नाही.

१०:५८ ला प्रेक्षागृहाच्या दारात पुढच्या स्वयंसेवकाने मुलं मोजली. सोळा भरली. असायला हवी होती सतरा. तो क्षणभर थांबला, आणि त्याला कारण सुचलं: त्या मुलीबरोबर तिची मैत्रीण गेली असणार. आत सत्र घेणाऱ्या बाईंना त्याने सांगितलं, "सोळा इथे, दोन प्रथमोपचाराला." त्यांनी तक्त्यावर १६ + २ = १८ लिहिलं. बेरीज जुळली.

११:२२ ला मुलगी परत आली. एकटीच.

"आणि दुसरी?"

"दुसरी कोण?"

नावं वाचली तेव्हा कळलं की मैत्रीण पहिल्यापासून आतच बसली होती. नव्हता तो बारा वर्षांचा एक मुलगा, आणि तो नसून अर्धा तास झाला होता.

पहिला निर्णय: आधी शोधायचं की आधी कळवायचं

मला फोन आला ११:२६ ला. आधीची चार मिनिटं स्वयंसेवकांनी स्वच्छतागृहं आणि व्हरांडा बघण्यात घालवली होती. माझ्यासमोर तीन वाटा होत्या. सुरक्षा विभागाला लगेच कळवायचं आणि आवाराच्या फाटकांवर वर्णन पाठवायचं. किंवा पाच-दहा मिनिटं आपणच शोधायचं, कारण दहातल्या नऊ वेळा मूल पाणी पीत असतं. किंवा सगळ्या गटांची सत्रं थांबवून सगळी मोठी माणसं शोधाला लावायची.

मी दुसरी वाट घेतली. त्या वेळचा विचार प्रामाणिकपणे लिहायचा तर असा होता: सुरक्षा विभागाला कळवलं की त्याची नोंद होते, नोंद झाली की विभागप्रमुखांपर्यंत जाते, आणि मूल पाच मिनिटांत सापडलं तर उगाच बोभाटा. मुलाची काळजी होतीच. पण निर्णय त्या काळजीने घेतला नव्हता.

सात मिनिटं गेली. ११:३३ ला मी सुरक्षा विभागाला फोन केला.

तोवर एक स्वयंसेवक कार्यशाळेच्या दारापर्यंत जाऊन आला होता. दार बंद, काचेतून आत अंधार. तिथून तो वाहनतळाकडे गेला. त्या इमारतीतले दिवे हालचालीवर चालतात, बराच वेळ हालचाल झाली नाही की आपोआप विझतात. दार बाहेरून आपोआप कुलूपबंद होतं, आतून मात्र उघडतं. आणि छपाईची यंत्रं बाहेरच्या दालनात नसून आतल्या खोलीत असतात, वास आणि आवाज बाहेर येऊ नये म्हणून. या तिन्ही गोष्टी सहायकाला माहीत होत्या. आमच्यापैकी कुणालाही नव्हत्या.

मुलगा सापडला तो आमच्या शोधामुळे नाही. ११:३८ ला सत्र घेणाऱ्या बाईंनी, माझी परवानगी न घेता, मुलांना सरळ विचारलं. शेवटच्या रांगेतून उत्तर आलं, "त्याचा भोवरा अर्धा राहिला होता ना. तो बघायला गेला असेल." तोपर्यंत आम्ही मुलांना काही कळू न देण्याची पराकाष्ठा करत होतो, घाबरतील म्हणून. उत्तर सोळा मिनिटं त्याच खोलीत बसलेलं होतं.

११:४१ ला सुरक्षारक्षकाने किल्लीने दार उघडलं. मुलगा आतल्या खोलीत स्टुलावर बसून यंत्राकडे बघत होता. "काका, नऊच मिनिटं राहिली आहेत," तो म्हणाला.

नंतर कळलं की तो १०:५५ लाच परत पोहोचला होता. सहायकाने त्याला पाहिलं, 'दादांनी पाठवलं असेल' असं मानलं, आणि ११:०५ ला शेजारच्या इमारतीत बैठकीला निघून गेला. म्हणजे दहा मिनिटं एक मूल आणि एक मोठा माणूस बंद दाराआड, आणि पुढची छत्तीस मिनिटं ते मूल एकटं, सुमारे २०० अंश तापलेल्या तोट्यांच्या सहा यंत्रांबरोबर. पहिली गोष्ट आमच्या बालसुरक्षा नियमात स्पष्ट निषिद्ध होती. दुसरी नियमात नव्हतीच, कारण असं होईल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. सहायकाला तो नियम माहीत असण्याचंही कारण नव्हतं. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला त्याला बोलावलंच नव्हतं. तो 'आमचा' नव्हता, इमारतीचा होता.

दुसरा निर्णय: आईवडिलांना केव्हा सांगायचं

याबद्दल आमच्या कागदपत्रांत एक ओळही नव्हती. अपघात झाला तर लगेच कळवायचं, एवढंच होतं. मूल सापडत नाही, हा अपघात आहे का?

११:३३ ला मी सुरक्षा विभागाला कळवलं तेव्हाच आईला फोन करायला हवा होता, असं एका सहकारिणीचं म्हणणं होतं, आणि ती ते तेव्हाच म्हणाली होती. माझं म्हणणं: हातात सांगण्यासारखं काहीच नाही, ती बिचारी दूर कुठेतरी कामावर असेल, करणार काय? एक तिसरं मतही आलं, दुपारी न्यायला येतील तेव्हा शांतपणे सांगू. ते मी लगेच फेटाळलं. मुलगा घरी जाऊन आधी सांगणार हे उघड होतं.

मी ११:५० ला, मुलगा माझ्यासमोर उभा असताना, फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या माउलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, ११:२६ ला. त्या म्हणाल्या, "म्हणजे चोवीस मिनिटं तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं."

मुलगा हरवला याबद्दल त्या नंतरही फारसं बोलल्या नाहीत. ती चोवीस मिनिटं मात्र त्यांच्या लेखी तक्रारीत पहिल्या वाक्यात होती.

फोनवर त्या काय करू शकल्या असत्या, याचं उत्तरही त्याच तक्रारीत होतं. 'माझा मुलगा कोणतंही काम अर्धवट सोडून उठत नाही, हे मी एका मिनिटात सांगितलं असतं.'

तिसरा निर्णय: त्या स्वयंसेवकाचं काय

पुढचा स्वयंसेवक एकोणीस वर्षांचा. विभागप्रमुखांना त्याला त्याच दिवशी कमी करायचं होतं. पालकांना काहीतरी ठोस केल्याचं दिसलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. माझा मुद्दा असा की चूक त्याच्या तोंडून निघाली, पण ती आमच्या पद्धतीने घडवली होती. आम्ही त्याला आकडा मोजायला शिकवलं होतं. आकडा कमी भरला की माणूस कारण शोधतो, आणि शहाण्या माणसाला कारण लवकर सापडतं. प्रशिक्षण तीन तासांचं होतं. त्यात एका इमारतीतून दुसरीकडे मुलं नेण्याला वीस मिनिटं मिळाली होती आणि स्वागतगीताला पंचवीस.

शिवाय त्या सकाळी त्या मुलाशी संबंध आलेली मोठी माणसं चार होती: दोन स्वयंसेवक, सहायक आणि सत्र घेणाऱ्या बाई. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला माहीत आहे. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी केलेला धुराचा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. खोलीत धूर शिरू लागल्यावर एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी उठून कळवलं. तिघं-तिघं बसवले तेव्हा ३८ टक्के गटांतच कुणीतरी उठलं. आम्ही माणसं वाढवून सुरक्षा वाढवली असं समजत होतो.

तडजोड झाली ती अशी: त्याला काढलं नाही, पण आठवडाभर मुलांना ने-आण करण्याचं काम दिलं नाही. माझ्या मते हा निर्णय अर्धाच बरा होता. तो मुलांसमोर वेगळा पडला. लहान गटातली मुलं त्याला विचारत, "दादा, तू आता का येत नाहीस?" शिबिर संपल्यावर त्याने पुन्हा नाव दिलं नाही. सहायकाला कुणी काही बोललं नाही, कारण तो आमच्या अधिकारात नव्हता. हा अन्याय होता आणि तो मी होऊ दिला.

काय बदललं

त्या संध्याकाळी सगळे बसलो तेव्हा सूचनांचा पाऊस पडला. सगळ्यात जोर होता मनगटावरच्या उपग्रह-पट्ट्यांवर, म्हणजे मूल कुठे आहे ते जीपीएसने दाखवणाऱ्या पट्ट्यांवर. मी विरोध केला. छपराखाली उपग्रहाचा संकेत क्षीण होतो आणि आमची मुलं दिवसातला बहुतेक वेळ छपराखालीच असतात. मुलांच्या हालचालींची नोंद कुणाकडे राहणार, हा प्रश्न वेगळाच. आणि मनगटावर पट्टी आहे म्हटल्यावर मोजायला कोण जाणार? जोड्या करून हात धरून चालण्याची सूचना लहान गटासाठी ठीक होती. तेरा वर्षांच्या मुलांना ती सांगून बघायची माझी हिंमत नव्हती.

राहिलं ते एक साधं कार्ड. प्रत्येक गटाच्या कार्डावर मुलांची नावं. निघताना नेणारा वाचतो, पोहोचल्यावर घेणारा वाचतो, आणि दोघांच्या वाचण्यात फरक पडला तर सत्र सुरू होत नाही. आकडा कुठेच लिहायचा नाही. गट फुटला, म्हणजे कुणाला प्रथमोपचाराला नेलं, तर त्या मुलाचं नाव कार्डावर खोडून तिथे नेणाऱ्याचं नाव. 'दोन जण' असं म्हणायला कार्डावर जागाच नाही. अमेरिकेतल्या हेड स्टार्ट या बालशिक्षण कार्यक्रमात नाव आणि चेहरा जुळवून मोजण्यावर असाच भर असतो. आम्ही ते आधी वाचलंही होतं, पण ते चिमुरड्यांसाठी आहे म्हणून सोडून दिलं होतं.

वेळेच्या नियमावर वाद झाला. शेवटी ठरलं: नाव जुळलं नाही की दोन मिनिटांत समन्वयकाला, पाच मिनिटांत सुरक्षा विभागाला, दहा मिनिटांत पालकांना. मूल मधे सापडलं तरी पालकांना सांगायचंच. दहा मिनिटं काहींना फार कमी वाटली. मला आता जास्त वाटतात. आणि शोध सुरू करताना पहिला प्रश्न गटातल्या मुलांना: तो शेवटी काय करत होता?

पण माझ्या दृष्टीने खरा बदल वेळापत्रकात होता. पाच सत्रांची दोन केली, प्रत्येकी अडीच तासांची, मधे छोटी विश्रांती त्याच इमारतीत. इमारत बदलणं दिवसातून एकदाच. संग्रहालय आणि ग्रंथालय काही मुलांना बघायला मिळालं नाही, आणि दोन पालकांनी तसं बोलूनही दाखवलं. छपाई सत्राच्या सुरुवातीलाच लावायची म्हणजे ती मुलांच्या डोळ्यांदेखत पूर्ण होईल. फळ्याच्या कोपऱ्यात 'राहिलेलं' अशी एक चौकट आली. ज्याचं जे अर्धवट आहे ते त्याने लिहायचं, आणि पुढे स्वयंसेवकाने वेळ लिहायची: हे पुरं कधी होणार. ती वेळ पाळणं बंधनकारक.

मोठ्या गटाने, पंधरा ते सतराच्यांनी, कार्डाला कडाडून विरोध केला. त्यांच्या गटात प्रत्येक जण कार्डावर स्वतः सही करतो, नावं वाचली जात नाहीत. एवढं पुरलं.

परिणाम

उरलेल्या पाच दिवसांत कार्ड दोनदा अडलं. एकदा मुलगा स्वच्छतागृहात होता, एकदा मुलगी मैत्रिणीसाठी दुसऱ्या गटात जाऊन बसली होती. दोन्ही वेळा मिनिटाभरात उलगडा झाला. तरीही दोन्ही वेळा आम्ही पालकांना कळवलं. एकाचे वडील हसले.

मुलगा त्या दिवशी घरी गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. आईची अट होती की त्याचा फोन त्याच्याकडे राहील. आम्ही सकाळी फोन पेटीत ठेवून घेत होतो. एका मुलासाठी नियम मोडला आणि दोन दिवसांत नऊ पालकांनी तीच मागणी केली. यावर आम्हाला आजही समाधानकारक तोडगा सापडलेला नाही. दुसरं एक कुटुंब मात्र शिबिर सोडून गेलं. त्यांच्या मुलीला काहीही झालं नव्हतं, पण नाकातून रक्त आलेली मुलगी तीच, आणि 'तिला नेताना दुसरं मूल हरवतं' हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

पुन्हा वेळ आली तर

सुरक्षा विभागाला पहिल्या मिनिटाला फोन. हे लिहायला सोपं आहे. करायला सोपं व्हावं म्हणून शिबिराआधी त्यांच्याबरोबर एक सराव घ्यायचा, म्हणजे फोन करणं हा गुन्हा वाटणार नाही. प्रशिक्षणाला इमारतींचे सहायक, ग्रंथपाल, सफाई कर्मचारी यांनाही बोलवायचं. दिवे केव्हा विझतात आणि कोणतं दार कसं लागतं हे त्यांनाच ठाऊक असतं. स्वयंसेवकाला बाजूला करण्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर गट घेऊन चाललो असतो.

आणि एक गोष्ट, जी शिबिर संपल्यावर आठवड्याने माझ्या हाती लागली. रोज ४ वाजता मुलं एक कागद भरून देत: आज काय आवडलं, काय नाही. ते कागद आम्ही अहवालासाठी गठ्ठ्यात ठेवत होतो. चौथ्या दिवसाच्या गठ्ठ्यात मधल्या गटातल्या अठरांपैकी सात मुलांनी कमी-जास्त शब्दांत एकच लिहिलं होतं. त्यातल्या एका कागदावर, ठसठशीत अक्षरात: 'काही सुरू केलं की लगेच उठवतात.' खाली नाव त्याचंच होतं. आता ते कागद आम्ही त्याच संध्याकाळी वाचतो.